वाहाकात मेक्सिकन स्वयंपाक शिकायला जाताना

मेक्सिकन स्वयंपाकाच्या सहलीची माहिती वाचताना नजर आधी पदार्थांच्या यादीवर जाते. सात मोले (मिरची-मसाल्यांच्या वाटणाचे दाट रस्से), तमाल (पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ), चॉकलेट, चार साल्सा (चटण्या). ती यादी जरा बाजूला ठेवा आणि आयोजकांना एकच प्रश्न विचारा, "आदल्या रात्री मका आम्हीच शिजत घालणार का?" उत्तर 'हो' आलं तर पुढचं बोलणं करण्यासारखं आहे. 'पीठ तयार असतं, तुम्ही फक्त थापायचं' असं उत्तर आलं तर तिथे जेवण छान मिळेल, पण स्वयंपाकाचं मूळ हाती लागणार नाही. तोर्तिया (मक्याची पातळ पोळी), तमाल, मेमेला आणि तलायुदा (तोर्तियाचीच जाड आणि मोठी भावंडं), आतोले (मक्याचं दाट पेय) हे सगळं चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्यातून निघतं. तो मका जमला नाही तर बाकीच्या पाककृती वहीत पडून राहतात.

मराठी घरातून जाणाऱ्याला अर्धी वाट ओळखीची असते. भाकरी थापणारा हात, पाटा-वरवंटा, खलबत्ता, रवी, मोदकपात्र, केळीच्या पानातली पानगी या सगळ्यांची भावंडं तिथल्या स्वयंपाकघरात भेटतात. नवीन शिकायचं ते दोन बाबतींत: मक्याला चुना लावणं, आणि मिरचीकडे तिखटाच्या पलीकडे चव, रंग आणि दाटपणा देणारा जिन्नस म्हणून पाहणं. म्हणून या लेखात या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

कुठे जायचं, कधी जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मेक्सिकोच्या दक्षिणेतलं वाहाका राज्य निवडावं. वाहाका दे हुआरेस हे राजधानीचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटरवर आहे. आजूबाजूच्या खोऱ्यात सापोतेक या मूळ रहिवासी लोकांची गावं आहेत आणि प्रत्येक गावाचा आठवडी बाजार ठरलेला आहे: बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. या बाजाराला तिथे 'तियांगिस' म्हणतात. शहरातल्या सेंत्राल दे आबास्तोस या मोठ्या बाजाराचा मुख्य दिवस शनिवार. सहल ठरवताना बाजाराचा एक दिवस आठवड्यात नीट बसतो का ते आधी पाहा. त्लाकोलुलाचा रविवार चुकू देऊ नये.

पुएब्ला, युकातान आणि मिचोआकान हे पुढच्या खेपेचे प्रदेश. २०१० साली युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाक अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, तेव्हा उदाहरण म्हणून मिचोआकानच पुढे ठेवलं होतं. तिथल्या पुरेपेचा या मूळ रहिवासी समाजातल्या बायकांकडे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण एवढे आठवडी बाजार, एवढ्या जातींच्या मिरच्या आणि शिकणाऱ्यांची सवय असलेल्या स्वयंपाकिणी जवळजवळ मिळणं वाहाकात सोपं जातं.

पाऊस साधारण मे अखेर ते ऑक्टोबर असतो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चुलीपाशी बसायला सोयीचा. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो आणि जुलैत गेलागेत्सा हा लोकनृत्यांचा उत्सव. त्या दिवसांत गाव पाहायला सुरेख असतं, पण शिकायला नाही. स्वयंपाकिणींना घरचंच काम डोईजड असतं, आणि राहण्याचे दर चढलेले असतात.

गट निवडताना

गट सहा ते आठ जणांचा असावा. दहाच्या वर गेला की चुलीशी चौघं आणि बाकीचे मागे फोन घेऊन उभे, असं होतंच. दिवसाला दोन पदार्थांपेक्षा जास्त शिकवतो म्हणणारा कार्यक्रम टाळा. एका मोलेला सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ लागतो. तीन तासांत 'बाजार, मोले, तोर्तिया आणि मिष्टान्न' होत असेल तर अर्ध्याहून जास्त काम आधीच कोणीतरी उरकून ठेवलेलं असतं.

आणखी चार गोष्टी विचारून घ्या. वर्ग कोणाच्या घरच्या स्वयंपाकघरात होतो की सजवलेल्या खोलीत? स्वयंपाकीण स्पॅनिश बोलते की सापोतेक, आणि दुभाषा पूर्ण वेळ असतो का? प्रत्येकाला स्वतंत्र पाटा आणि तवा मिळतो की पाळीपाळीने? आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा करायला मिळते का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दिवशी थापलेल्या तोर्तिया बहुतेकांच्या फाटतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा थापल्या तरच हाताला समज येते.

गटात एक जण सतत कांदे चिरतो आणि एक जण सतत ढवळतो, अशी कामं नकळत वाटली जातात. पहिल्याच सकाळी पाळ्या ठरवून घ्या: दळण, तवा, वाटण, चूल. रोज माणसं बदलायची.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी तो पुरतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी मेक्सिकन वकिलातीकडून खात्री करून घ्या. विमान अमेरिकेत बदलायचं असेल तर तेवढ्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा हवा.

सामानात घाला: ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, जाड पुठ्ठ्याची वही, सुती कपडे, पुढून बंद चपला किंवा बूट, केस बांधायला रुमाल आणि क्षारसंजीवनीची पाकिटं. वजनकाट्याची गंमत तिथे गेल्यावर कळते. स्वयंपाकीण सांगणार 'एक मूठ तीळ'. ती मूठ भांड्यात पडण्याआधी काट्यावर ठेवायची विनंती करा. तिची मूठ ४५ ग्रॅमची निघते आणि तुमची ३० ची. घरी आल्यावर चव का जुळत नाही याचं कारण बहुतेकदा इथेच असतं.

शाकाहारी असाल तर नुसतं 'वेहेतारियाना' म्हणून भागत नाही. मांस नको म्हटलं की कोंबडी चालत असेल असा समज सर्रास आढळतो. भाताला कोंबडीचं पाणी आणि उसळीला डुकराची चरबी घालण्याची पद्धतच आहे. वाक्य पाठ करून जा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो', म्हणजे मांस, कोंबडी, मासे, चरबी आणि कोंबडीचं पाणी यांपैकी काहीही नको. अंडं नको असेल तर 'सिन उएवो' जोडा. हे आयोजकांना नोंदणी करतानाच लिहून कळवा. चुलीपाशी ऐनवेळी सांगितलं तर स्वयंपाकिणीची पंचाईत होते. तीळ, शेंगदाणे, बदाम यांची ॲलर्जी असलेल्यांनीही आधीच कळवावं, कारण बऱ्याच मोलेंत यांपैकी काहीतरी असतं.

शिकवणाऱ्या बाईंना 'सेन्योरा' किंवा नावाआधी 'दोन्या' लावून हाक मारावी, आणि 'तू' ऐवजी 'उस्तेद' वापरावं. जेवायला बसताना 'प्रोवेचो' म्हणायचं. फोटोआधी 'पुएदो तोमार ऊना फोतो?' एवढं विचारा. बाजारात तर हे विसरूच नका.

बाजाराचा दिवस

सकाळी नवाच्या आत पोचा. २०, ५० आणि १०० पेसोच्या नोटा जवळ ठेवा. शेतातून दोन टोपल्या घेऊन आलेल्या आजीकडे ५०० चे सुटे नसतात, आणि तिच्याशी घासाघीस करू नये.

पहिली फेरी काहीही न घेता मारा. मिरच्यांच्या ढिगापाशी थांबा आणि एकेक उचलून वाका. चांगली वाळलेली मिरची चामड्यासारखी वाकते. कडकन मोडली तर जुनी, आत बुरशीचा वास आला तर टाकाऊ. इथे एक घोळ होतो. ताजी आणि वाळलेली अशी एकाच मिरचीची दोन नावं असतात. ताजी पोब्लानो वाळली की आंचो. मिरासोल वाळली की ग्वाहियो. चिलाका वाळली की पासिया. हालापेन्यो पिकवून धुरावर वाळवली की चिपोत्ले. वाहाकातली पासिया मात्र निराळीच, धुरावर वाळवलेली. मोलेसाठी साधी पासिया लागत असेल तर 'मेहिकानो' असं स्पष्ट सांगून घ्या, नाहीतर सगळ्या भांड्याला धुराचा वास लागतो.

दुसरा घोळ टोमॅटोचा. मध्य मेक्सिकोत लाल टोमॅटोला 'हितोमाते' म्हणतात, आणि नुसतं 'तोमाते' मागितलं तर कागदी वेष्टनातलं हिरवं, आंबट फळ हातात पडू शकतं. ते रसभरीच्या कुळातलं. वाहाकात त्याच्या बारक्या जातीला 'मिलतोमाते' म्हणतात. वेष्टन सोलल्यावर फळ चिकट लागतं. ते खराब नसतं, कोमट पाण्याने धुतलं की झालं.

बाजारात भाजलेले नाकतोडे दिसतील, बारीक ते मोठे, लसूण-लिंबू-मीठ लावलेले. ज्यांना खायचे आहेत त्यांनी बारीक घ्यावेत, मोठ्यांच्या तंगड्या घशाला टोचतात. पोट सांभाळायचं असेल तर पहिले दोन दिवस चिरून ठेवलेली फळं, न धुतलेली कोथिंबीर आणि नळाचं पाणी टाळा. तव्यावरून थेट हातात आलेलं काहीही निर्धास्त खा.

मका शिजवणं: आदल्या रात्रीचं काम

अशा शिजवलेल्या मक्याला 'निक्स्तामाल' म्हणतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवला आणि रात्रभर तसाच ठेवला की दाण्यावरचं कडक आवरण सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि दाण्यात बांधलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपात मका पोचला, पण चुन्याची ही रीत पोचली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना तिथे पेलाग्रा हा रोग जडला, त्याचं कारण हेच. आपल्या मक्याच्या भाकरीला चिरा का पडतात आणि तोर्तिया गुंडाळता का येते, याचंही उत्तर चुन्यातच आहे.

प्रमाण: सुका मका १ किलो, खाण्याचा विझवलेला चुना १० ग्रॅम, पाणी ३ लिटर. बाजारात चुन्याचे खडेही मिळतात. ते न विझवलेले असतील तर पाणी पडताच उकळी फुटल्यासारखे तापतात आणि उडतात. पहिल्यांदा करताना विझवलेली पूडच घ्या. बांधकामाचा चुना कधीही नको.

मका निवडून धुवा. पाण्यात चुना विरघळवून त्यात मका घाला आणि मध्यम आचेवर तापवा. पाणी खदखदू द्यायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे येत राहतील इतकीच आच. थोड्याच वेळात पांढरा मका पिवळा दिसू लागतो. चुन्याने होतं ते, घाबरू नका. वीस मिनिटांनी एक दाणा काढा, गार पाण्यात बुडवा आणि अंगठ्याने चोळा. साल सुटली पाहिजे. मग दाणा दाताने तोडा. बाहेरून मऊ आणि मधोमध पांढरा, कच्चा ठिपका दिसला की भांडं उतरवा. मक्याच्या जातीप्रमाणे आणि जुनेपणाप्रमाणे याला २० ते ४० मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा दाण्यावर भरवसा ठेवा. झाकून ८ ते १२ तास तसंच राहू द्या.

सकाळी पिवळट, गुळगुळीत पाणी ओतून टाका आणि मका दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. साल पूर्ण काढू नका, थोडी राहिलेली साल पीठ बांधून ठेवते. भरपूर धुतला तर चुन्याबरोबर चिकटपणाही जातो आणि तोर्तिया तुटतात. कमी धुतला तर जिभेवर कडवटपणा राहतो.

चुकतं कुठे? मधला ठिपका नाहीसा होईपर्यंत शिजला तर पीठ चिकट, रबरासारखं होतं. त्याला उपाय नाही, त्याचं आतोले करावं. चुना कमी पडला तर साल दाताला लागते. जास्त झाला तर वास येतो, आणि निळा मका असेल तर हिरवट पडतो. गावात हा मका डोक्यावर घेऊन गिरणीत नेतात. तिथली गिरणी ओला मका दळते. कशासाठी दळायचा ते सांगावं लागतं: तोर्तियासाठी बारीक, तमालसाठी किंचित जाड.

निदान पाव किलो मका तरी प्रत्येकाने पाट्यावर वाटून पाहावा. तिथला पाटा, म्हणजे 'मेताते', तीन पायांचा असतो आणि वाटणाऱ्यापासून दूर उतरता होत जातो. वरवंटा लांब असतो, तो दोन्ही टोकांना धरून पुढे लोटायचा, गोल फिरवायचा नाही. जोर मनगटातून लावला तर दहा मिनिटांत हात भरून येतात. गुडघ्यावर बसून खांद्याचं आणि पाठीचं वजन वरवंट्यावर टाकायचं. पहिल्या फेरीत दाणा फुटतो, दुसरीत रवा होतो, तिसरीत पीठ. पाणी फक्त शिंपडायचं.

दळलेल्या ओल्या गोळ्याला स्पॅनिशमध्ये 'मासा' म्हणतात. मराठीत गोंधळ नको म्हणून पुढे 'ओलं पीठ' असंच लिहिलं आहे. १ किलो मक्याचं जवळजवळ पावणेदोन ते दोन किलो ओलं पीठ होतं, आणि त्यात पन्नासेक तोर्तिया निघतात.

तोर्तिया

पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. एक गोळी दाबून पाहा. कडा फाटल्या तर पाणी कमी, बोटांना लागलं तर जास्त. पाणी चमच्याचमच्याने घाला आणि प्रत्येक वेळी मिनिटभर मळा. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा, कारण ते पीठ उघड्यावर पाच मिनिटांत सुकायला लागतं.

३० ते ३५ ग्रॅमचा उंडा करा. दाबयंत्रात प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून दाबा, अर्ध फिरवा, पुन्हा हलकेच दाबा. साधारण १४ सेंटिमीटरची गोल चकती व्हावी. वरचं प्लास्टिक काढा, चकती तळहातावर उलटी घ्या आणि मग दुसरं प्लास्टिक सोलून काढा. प्लास्टिकवरून चकती ओढायची नाही, चकतीवरून प्लास्टिक ओढायचं.

मातीचा तवा, म्हणजे 'कोमाल', आधी चुन्याच्या पाण्याने सारवतात म्हणजे पीठ चिकटत नाही. तवा चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब पडताच उडून गेला पाहिजे. चकती हातातून सोडताना हात तव्याला समांतर आणि चाल सावकाश. फेकली तर घड्या पडतात, आणि घडी पडलेली तोर्तिया फुगत नाही.

पहिली बाजू १० ते १५ सेकंद, कडा सुटेपर्यंतच. उलटा. दुसरी बाजू ४५ सेकंद ते एक मिनिट, खाली डाग पडेपर्यंत. पुन्हा उलटा आणि बोटांनी मध्यावर हलकेच दाबा. इथे फुगते. न फुगण्याची कारणं बहुतेक तीनच असतात: तवा कमी तापलेला, पीठ कोरडं, किंवा पहिली बाजू जास्त वेळ ठेवल्यामुळे कडक झालेली. भाकरी करणाऱ्यांचा हात या तिसऱ्या चुकीकडे जातो, कारण भाकरीला पहिल्या बाजूवर पाणी फिरवून आपण थांबतो. इथे पाणी फिरवायचं नाही आणि थांबायचंही नाही.

तव्यावरून काढलेल्या तोर्तिया फडक्यात गुंडाळून टोपलीत दहा मिनिटं ठेवा. आपल्याच वाफेत त्या मऊ होतात. तव्यावरून काढून लगेच वाकवून पाहिली आणि तुटली म्हणून नाराज होऊ नका.

मिरच्या आणि मोले

वाहाकाचे सात मोले सांगतात: नेग्रो, रोहो, कोलोरादितो, आमारियो, वेर्दे, चिचिलो आणि मांचामान्तेल. नवख्याने काळ्या, म्हणजे नेग्रो मोलेपासून सुरुवात करू नये. त्यात मिरच्या आणि त्यांचं बी जवळजवळ काळं होईपर्यंत जाळतात, आणि जळकं नि करपट यांतला फरक आधी जिभेला कळायला हवा. त्याला लागणारी चिलवाक्ले मिरची महागही आहे. कोलोरादितो शिका. विटकरी रंगाचा, गोडसर, चुका पोटात घालणारा.

आठ जणांसाठी: आंचो ८, ग्वाहियो १०, टोमॅटो ६०० ग्रॅम, कांदा १ मध्यम, लसूण ८ पाकळ्या, तीळ ६० ग्रॅम, बदाम ४० ग्रॅम, मनुका ४० ग्रॅम, पिकलेलं मोठं केळं अर्धं, एक तोर्तिया किंवा पावाचा तुकडा, दालचिनी ४ सेंटिमीटर, लवंगा ३, मिरे ५, सुका ओरेगानो १ चमचा, चॉकलेट ५० ग्रॅम, चरबी किंवा तेल ४ मोठे चमचे, कोंबडीचं किंवा भाज्यांचं पाणी सव्वा ते दीड लिटर, साखर आणि मीठ. मेक्सिकोतली दालचिनी सिलोनची, पातळ पापुद्र्यांची असते. आपल्याकडे मिळणारी जाड साल तिच्यापेक्षा उग्र असते, ती निम्मीच घ्या.

मिरच्या ओल्या फडक्याने पुसा, देठ, बिया आणि आतल्या शिरा काढा. हाताला आधी तेल लावा. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून नंतर नुसत्या पाण्याने हात धुऊन उपयोग होत नाही. तवा मध्यम ठेवून मिरची सपाट दाबा, एका बाजूला पाच ते दहा सेकंद. रंग उजळला, वास सुटला की काढा. काळा डाग पडून कडवट धूर आला तर ती मिरची फेकून द्या. एक करपलेली मिरची अख्खं भांडं कडू करते, आणि साखरेने ते लपत नाही. मिरचीचा ठसका उठतो, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. दमा असेल तर एवढा वेळ अंगणात थांबा.

भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. ते पाणी चाखा. कडू असेल तर ओता, गोडसर असेल तर वाटताना वापरा.

टोमॅटो, कांदा, लसूण सालासकट तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. बदाम, मनुका, केळं, तोर्तिया चरबीत वेगवेगळे तळा. सगळं एकदम टाकलं तर मनुका जळते आणि बदाम कच्चा राहतो. तीळ शेवटी, मंद आचेवर, सोनेरी होईपर्यंत. सगळ्या तयारीत सर्वाधिक नासाडी तिळाची होते, कारण त्या वेळी लोक गप्पा मारत असतात.

मिरच्या वेगळ्या वाटा आणि बारीक चाळणीतून गाळा. ग्वाहियोची साल चामट असते, न गाळता घेतली तर घशात अडकते. उरलेलं सगळं, मसाल्यांसकट, वेगळं वाटा. खोलगट भांड्यात चरबी तापवून आधी मिरचीचं वाटण घाला. ते उडतं, लांब दांड्याचा चमचा घ्या. पंधरा मिनिटं परता. रंग गडद होऊन कडेला तेल सुटलं आणि चमच्याची रेघ तळाशी उघडी राहिली की दुसरं वाटण घाला, आणखी दहा-पंधरा मिनिटं. मसाल्याचं वाटण परतणाऱ्याला ही खूण सांगायला नको. नंतर कोंबडीचं किंवा भाज्यांचं गरम पाणी थोडं थोडं. मंद आचेवर पाऊण तास शिजू द्या, तळ सतत खरवडत राहा. चॉकलेट शेवटच्या पंधरा मिनिटांत, आधी घातलं तर तळाला लागतं. मीठ-साखर अगदी शेवटी. चमच्याच्या पाठीवर जाड थर राहिला पाहिजे. मोलेची चव दुसऱ्या दिवशी जुळून येते, म्हणून वर्गातच थोडा बाजूला ठेवून दुसऱ्या सकाळी चाखा.

तमाल

वाहाकात केळीच्या पानातला तमाल प्रसिद्ध, तर कणसाच्या वाळक्या पानातला देशभर. पीठ: जाडसर ओलं पीठ १ किलो, चरबी ३५० ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, कोमट पाणी किंवा रस्सा ३०० ते ४०० मिलिलिटर. शाकाहारी करताना चरबीऐवजी घट्ट तूप चालतं, नुसत्या तेलाने तितकं हलकं होत नाही.

आधी चरबी एकटीच पांढरीफेक होईपर्यंत फेसा, मग पीठ आणि रस्सा आलटून पालटून. बोराएवढी गोळी गार पाण्यात टाका. तरंगली तर झालं, बुडाली तर अजून फेसा. ही परीक्षा टाळली की तमाल दगडासारखे होतात.

केळीचं पान पानगीला शेकतो तसंच विस्तवावरून फिरवून मऊ करा. त्यावर पातळ थर पीठ, मध्ये चमचाभर मोले आणि भरण, मग चौकोनी घडी. उकडायच्या भांड्यात पाण्यात एक नाणं टाका. पाणी असेपर्यंत ते खुळखुळत राहतं. आवाज थांबला की उकळतं पाणी कडेने ओता. सव्वा तास लागतो. पान सहज सुटलं तर शिजला. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबूनच उघडा, गरम असताना तो ओलाच वाटतो.

बाकीचं थोडक्यात. साल्सा खलात करताना आधी मीठ आणि लसूण, मग मिरची, शेवटी रसाळ फळ. उलट केलं तर लसूण निसटत राहते. काळ्या घेवड्याला या उंचीवर दोन तासांहून जास्त लागू शकतात, कारण पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. मेक्सिको सिटी आणखी उंचावर, तिथे त्याहूनही जास्त वेळ लागतो. चॉकलेटच्या गिरण्या शहरात मीना रस्त्यावर आहेत. १ किलो भाजलेल्या, सोललेल्या कोकोला १ किलो साखर, ४० ग्रॅम दालचिनी आणि १०० ग्रॅम बदाम हे एक प्रमाण. ते पाण्यात किंवा दुधात घालून 'मोलिनियो'ने, म्हणजे तिथल्या रवीने, फेस येईपर्यंत घुसळतात.

काय आणायचं, घरी काय करायचं

दगडी खल विकत घेताना आत खडा घासून पाहा. करड्या भुकटीचा ढीग पडत राहिला तर ते सिमेंट आहे. चकचकीत मातीची भांडी घेताना 'सिन प्लोमो', म्हणजे शिशाविना, आहेत का ते विचारा. पारंपरिक चकाकीत शिसं असतं आणि आंबट पदार्थांत ते उतरतं. पाटा आणू नका. वजनाने सामानाची मर्यादा तिथेच संपते, आणि टाकी लावलेला आपला पाटा तेच काम करतो. दाबयंत्र आणि मोलिनियो आणावेत.

मोलेचं वाटण आणि चॉकलेट बंद पाकिटात, विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवा. मक्याचे दाणे, बिया आणि ताजी पानं मात्र आणू नका. भारतात वनस्पती अलगीकरणाच्या नियमांमुळे ती अडतात.

घरी ओलं पीठ करायला पक्का, वाळलेला मका घ्या. मधुमका किंवा लाह्यांचा मका चालत नाही. बियाण्याच्या दुकानातला तर अजिबातच नको, त्याला विषारी औषध चोळलेलं असतं. पिठाची चक्की ओला मका दळत नाही. इडलीचा दगडी ग्राइंडर वापरा. अर्धा किलोच्या वर घालू नका, पाणी चमच्याने द्या. बाजारात मिळणारं मक्याचं पीठ चुन्याचं नसतं, त्याची तोर्तिया होणार नाही. 'मासा हारिना' असं लिहिलेलं पीठ मिळालं तर १२० ग्रॅमला १८० मिलिलिटर कोमट पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवा, मग मळा.

ग्वाहियोऐवजी ब्याडगी बऱ्यापैकी चालते, रंग जुळतो. आंचोला आपल्याकडे जोड नाही, ती तिथूनच आलेली बरी. मोठ्या केळ्याऐवजी राजेळी घ्या. ओलं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, तिसऱ्या दिवशी आंबतं. उरणार असेल तर त्याच दिवशी तमाल करून गोठवा. गोठलेला तमाल न सोलता, न वितळवता थेट मोदकपात्रात ठेवून पंचवीस मिनिटं वाफवायचा.